आधी मास्क, मग स्कोप

लोणावळ्याजवळच्या एका पेंटबॉल मैदानावर, म्हणजे जिथे रंगाच्या गोळ्या मारून खेळतात तिथे, मी मार्शल (पंच) आहे. गन्सची देखभालही माझ्याकडेच असते. हिवाळ्यात शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचे ग्रुप येतात. त्यात एखादा तरी विचारतोच, "दादा, याच्यावर स्कोप बसतो का?" स्कोप म्हणजे गनवर लावायची नेमाची दुर्बीण.

त्या शनिवारी हिंजवडीहून आलेल्या ग्रुपमधल्या एका मुलाने विचारायच्या आधीच बॅगेतून स्कोप काढला. तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, एअर रायफलवर लावतात तो. रिंगा, स्क्रू, ॲलन की, सगळी तयारी करून आला होता. "मागच्या उंचवट्यावर थांबतो आणि एकेकाला टिपतो," म्हणाला. मी नाही म्हटलं नाही. ही गोष्ट तोंडाने सांगून पटत नाही, लेनवर, म्हणजे नेमाच्या सरावाच्या पट्टीवर, नेऊन दाखवावी लागते.

स्कोप गनच्या वरच्या खाचांच्या पट्टीवर, म्हणजे रेलवर, नीट बसला. आमच्या गनचा हॉपर, म्हणजे गोळ्यांचा डबा, एका बाजूला कललेला आहे, म्हणून नजरेला वाट तरी मिळाली. ज्या गनचा हॉपर नळीच्या बरोबर वर असतो, तिथे समोर फक्त तो डबाच दिसतो. लेनवर उभं राहून त्याने गन खांद्याला लावली, मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली. "सगळं काळंच दिसतंय हो."

दिसणार कसं? मोठं करून दाखवणाऱ्या स्कोपच्या मागे डोळा ठरावीक अंतरावर आणि बरोबर मध्यावर यावा लागतो. त्यासाठी गाल दस्त्याला टेकवावा लागतो. पेंटबॉलचा मास्क हनुवटीपर्यंत येतो, गालाच्या पुढे फुगलेला असतो. तो आधी दस्त्याला अडतो आणि डोळा स्कोपच्या वरच राहतो.

हे मी सांगत होतो, तेवढ्यात त्याने डाव्या हाताचा अंगठा मास्कच्या खालच्या कडेत घातला आणि मास्क कपाळाकडे सरकवायला लागला. फक्त एकदा नीट बघून घ्यावं, एवढंच त्याच्या मनात असणार. त्याच वेळी शेजारच्या लेनमधली त्याची सहकारी "काय रे, दिसतंय का?" म्हणत त्याच्याकडे वळली. तिच्याबरोबर तिची गनही वळली. नळीवर कव्हर नव्हतं आणि बोट ट्रिगरवर होतं.

"मास्क!" मी ओरडलो आणि पुढच्याच क्षणी हाताने त्याचा मास्क खाली दाबला. दुसऱ्या हाताने तिच्या गनची नळी जमिनीकडे केली. मग शिट्टी. दोन्ही लेन बंद, सगळ्यांच्या सेफ्टी लावून घेतल्या, नळ्यांवर कव्हरं चढवली. तो मुलगा पांढराफटक पडला होता. ती तर रडायलाच लागली.

०.६८ इंची गोळी, वजन साधारण ३ ग्रॅम. आमच्याकडे गन सेकंदाला ८५ मीटरच्या आसपास लावलेली असते. अंगावर बसली तर वळ उठतो. उघड्या डोळ्यावर बसली तर डोळा कायमचा जाऊ शकतो. जी वस्तू खेळाडूला मास्क वर करायचा मोह पाडते, ती कितीही महागाची असली तरी या खेळात चालत नाही. या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

सगळे शांत झाल्यावर लेन पुन्हा सुरू केली, कारण त्याला दुसरी बाजूही दाखवायची होती. नळी आडवी धरून मारलं की १५ मीटरवर गोळी वीतभर खाली येते आणि ३० मीटरवर जवळजवळ दोन हात. शिवाय नळी आतून गुळगुळीत आणि जिलेटिनचं कवच थोडं कमीजास्त गोल, त्यामुळे सगळ्या गोळ्या एका जागी पडत नाहीत. त्याने २० मीटरवरच्या प्लायवुडच्या फळीवर पाच मारल्या. ठिपके जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत पसरले, आणि हा पसारा चांगलाच म्हणायचा. समोरचा माणूस नऊपट मोठा दिसला म्हणून गोळी काही तिथे पोचत नाही. १९८१ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशरला बारा जणांनी हा खेळ पहिल्यांदा खेळला, तेव्हा वापरलेली गन मुळात झाडांवर खुणा करण्यासाठी बनवलेली होती.

मग मी स्कोपच्या जागी माझा रेड डॉट लावून दिला. त्यात काही मोठं दिसत नाही, काचेवर फक्त लाल ठिपका दिसतो. डोळा थोडा मागे किंवा बाजूला असला तरी चालतं, आणि दोन्ही डोळे उघडे राहतात, त्यामुळे कडेने येणाराही दिसतो. त्याखाली मी उंच रायझर (उंची वाढवणारा ठोकळा) ठेवतो, म्हणजे मास्कसकट मान न वाकवता ठिपका समोर येतो. फक्त मैदानावर आडोशाला ठेवलेल्या टायरच्या आडून मारताना सांभाळायचं. ठिपका टायरच्या वरून मोकळा दिसतो, पण नळी बरीच खाली असते आणि गोळी आपल्याच टायरवर फुटते.

"घ्यायचा तर कुठला घेऊ?" जेवणाच्या वेळी त्याने विचारलं. नळीसारखा बंद रेड डॉट घे, म्हटलं. उघड्या काचेच्या प्रकारात रंग उडून दिव्यावर बसला की ठिपकाच जातो. पुढच्या काचेवर पॉलिकार्बोनेटचं झाकण हवंच, नाहीतर पहिल्याच नेमक्या गोळीला काच जाते. उन्हात ठिपका दिसेल एवढा उजेड वाढतो का, ते दुकानाबाहेर येऊन बघ. दुकानात मास्क घेऊन जा आणि तो घालूनच गन खांद्याला लावून बघ. सेटिंग करताना एका गोळीवर स्क्रू फिरवू नकोस. पाच मार, त्यांचा मध्य धर, मग फिरव. गनला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गॅस वापरत असलास तर सकाळच्या गारठ्यात वेग उतरतो आणि दुपारी चढतो, तेव्हा आधी क्रोनोवर, म्हणजे गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर, वेग बघायचा, मगच डॉटला हात लावायचा.

मागे शेपटीसारखे पंख असलेल्या लांबट गोळ्यांबद्दलही त्याने विचारलं. त्या खरंच सरळ आणि लांब जातात, पण त्यांना मॅगझिनची गन लागते. हॉपरमधून त्या चालत नाहीत.

दुपारच्या डावाआधी त्याने स्कोप स्वतःच उतरवला. त्याच्या सहकारीने नळीचं कव्हर मला दोनदा दाखवून मगच गेटमधून पाऊल आत टाकलं.