बुधवार, साठ्याचा दिवस

रात्रीचे अकरा वाजलेत. डोळ्यांसमोरून आकडे हटत नाहीत, म्हणून लिहायला बसलो.

सोमवारी घेतलेला सौदा आज तोट्यात कापला. जवळच्या महिन्याचं डब्ल्यूटीआय, म्हणजे अमेरिकेतलं कच्चं तेल, वायद्यात घेतलं होतं, पुढच्या महिन्याचं विकलं होतं, २०० लॉट. एक लॉट म्हणजे १,००० बॅरल, त्यामुळे दोन महिन्यांच्या भावांमधला फरक, म्हणजे स्प्रेड, एका सेंटने हलला की २,००० डॉलर इकडचे तिकडे. तेल चढेल की पडेल यावर मी काहीच लावलं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच होतं, की कुशिंगमधलं तेल कमी होत चाललंय. ओक्लाहोमातलं हे लहानसं गाव. डब्ल्यूटीआयच्या वायद्याची डिलिव्हरी तिथल्याच टाक्यांत आणि पाइपलाइनींत होते. तिथे चणचण भासली की आत्ताचं तेल पुढच्या महिन्याच्या तेलापेक्षा महाग होतं, त्याला बॅकवर्डेशन म्हणतात. टाक्या भरू लागल्या की उलटं होतं, तो काँटँगो.

न्यूयॉर्कच्या घड्याळात साडेदहा वाजले आणि ईआयएचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या ऊर्जा-माहिती संस्थेचा, साप्ताहिक अहवाल आला. अमेरिकेतला कच्च्या तेलाचा एकूण साठा अपेक्षेपेक्षा बराच घटला होता. भाव उसळला, स्क्रीन हिरवी झाली. आमच्या डेस्कवरचा नवा मुलगा आनंदाने म्हणाला, "सर, आपलं बरोबर निघालं!" मी तेव्हा कुशिंगची ओळ वाचत होतो. तिथला साठा वाढला होता. भाव चढत असताना माझा स्प्रेड घसरत होता.

त्या मुलाला शेजारी बसवून अहवाल ओळीने वाचून दाखवला. घट सगळी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या आखाती किनाऱ्यावरची होती आणि आयातीचा आकडा पडलेला होता. गेल्या आठवड्यात ह्यूस्टनच्या जहाजमार्गावर धुकं होतं, जहाजं बाहेर खोळंबली होती. जे तेल टाकीत उतरलंच नाही, ते या अहवालात 'घट' म्हणून दिसलं. जहाजं आत आली की पुढच्या बुधवारी हाच आकडा उलटा येऊ शकतो. नंतर 'अ‍ॅडजस्टमेंट'ची ओळ दाखवली. उत्पादन, आयात-निर्यात आणि रिफायनऱ्यांनी उचललेलं तेल यांचा हिशोब साठ्याशी जुळला नाही, तर उरलेला फरक तिथे जातो. पहिला आकडा बघून सौदा करणाऱ्यांपैकी किती जण या ओळीपर्यंत पोहोचत असतील, असं मला दर बुधवारी वाटतं.

हे सगळं समजावताना फरक २५ सेंटांनी माझ्या विरुद्ध गेला. सोमवारी वहीत हीच मर्यादा लिहिली होती, ५०,००० डॉलर. बाहेर पडलो. माझा अंदाज अजूनही चुकलेला नाही, महिनाभरात कुशिंग रिकामं होईल असं मला वाटतंच. तरी बाहेर पडलो. अंदाज बरोबर असणं आणि तो खरा ठरेपर्यंत टिकून राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी २० एप्रिल २०२० ला पाहिलंय.

तो सोमवार होता. मे महिन्याचा वायदा दुसऱ्या दिवशी संपणार होता. शुक्रवारी १८.२७ डॉलरवर बंद झालेला भाव त्या दिवशी उणे ३७.६३ वर सेटल झाला. कुशिंगच्या सगळ्याच टाक्या काठोकाठ भरल्या नव्हत्या, पण उरलेली जागा आधीच कुणी ना कुणी भाड्याने घेऊन ठेवली होती. ज्यांच्याकडे वायदा होता पण तेल ठेवायला टाकी नव्हती, त्यांना पैसे देऊन तेल दुसऱ्याच्या गळ्यात घालावं लागलं. ब्रेंट, म्हणजे युरोपच्या उत्तर समुद्रातलं तेल, त्याच दिवशी २५ डॉलरच्या वरच होतं. समुद्रातलं तेल जहाजात चढवून कुठेही नेता येतं, कुशिंगला मात्र किनाराच नाही. त्या संध्याकाळी ऑप्शनचे भाव काढणारी आमची शीट चुका दाखवू लागली, कारण सूत्रात लॉगरिदम होता आणि उणे संख्येचा लॉगरिदम निघत नाही. माझा त्या वायद्यात एकही लॉट नव्हता, तरी घरी जाताना हात गार पडले होते. तेव्हापासून मी भावाच्या आधी स्प्रेड बघतो. टाकीत काय चाललंय ते मला तिथे आधी कळतं.

मग आज चुकलो कुठे? कुशिंगहून तेल उचलणाऱ्या, मध्य-पश्चिमेतल्या एका रिफायनरीचं शटडाउन आठवडाभर उशिरा सुरू होईल असं मी धरलं होतं. ते आधीच सुरू झालं होतं. तिने न उचललेलं तेल कुशिंगलाच साचलं. दुपारी दोन फोन केले आणि दहा मिनिटांत हे कळलं. हेच फोन सोमवारी केले असते तर सौदा केलाच नसता. तोट्यापेक्षा हे जास्त लागलंय.

संध्याकाळी त्या मुलाने विचारलं, "सर, मग आता परत घ्यायचं का?" शटडाउन संपण्याची तारीख पक्की कळेपर्यंत नाही, असं सांगितलं. ती शोधायचं काम त्याच्यावरच सोपवलं.

आता वही उघडलीय. 'सौद्याचं कारण' या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखला: ही माहिती कुणाकडून, आणि कोणत्या तारखेची.