राज्यपालांना मत

आईला फोनवर सांगितलं, आज राज्यपालांसाठी मतदान करून आले. ती म्हणाली, ‘‘राज्यपालांना कसलं मत? त्यांना दिल्लीहून पाठवतात.’’ तिचं बरोबरच आहे. पण मी राहते त्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याचा गव्हर्नर म्हणजे कामाने आपला मुख्यमंत्रीच, फक्त लोकांनी थेट निवडलेला. त्याच्या खालोखालच्या लेफ्टनंट गव्हर्नरला ‘नायब राज्यपाल’ म्हणावं, तर आई दिल्ली-पुदुच्चेरीला जाऊन पोचते.

नागरिकत्व घेतल्यानंतरचं हे माझं पहिलं मत. ४ नोव्हेंबर २०२५ला सकाळी सहालाच जवळच्या शाळेत गेले. कागदी मतपत्रिकेवर पेनाने गोल काळा करायचा. गव्हर्नरसाठी एक गोल आणि लेफ्टनंट गव्हर्नरसाठी वेगळा. मी त्या दुसऱ्या गोलापाशी थबकले. शेजारच्या मेरीलँडमध्ये दोघांची जोडी असते, एका मतात दोघंही येतात. इथे मात्र एक या पक्षाचा आणि दुसरा त्या पक्षाचा असंही निवडता येतं. २००५ मध्ये लोकांनी तेच केलं: गव्हर्नर टिम केन डेमोक्रॅट, लेफ्टनंट गव्हर्नर बिल बोलिंग रिपब्लिकन.

आपल्याकडे याच्या जवळचं पद उपमुख्यमंत्र्याचं, पण त्याचा राज्यघटनेत उल्लेखही नाही. निकाल लागल्यावर, कुणाची समजूत काढायची आहे त्यावर ते ठरतं. सध्या महाराष्ट्रात दोन आहेत. त्या पदावर कोण हवं, हे मला पुण्यात कुणी कधी विचारलं नाही. इथे लेफ्टनंट गव्हर्नरचं पद तसं लहान. ४० जणांच्या सिनेटचं, म्हणजे राज्याच्या वरच्या सभागृहाचं, कामकाज चालवायचं आणि समसमान मतं पडली तर निर्णायक मत द्यायचं. पण तेवढ्यासाठीही राज्यभर फिरून मतं मागावी लागतात. गझाला हाश्मींनी ती मागितली आणि मिळवली. हैदराबादला जन्मलेली, चौथ्या वर्षी इकडे आलेली, कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवलेली बाई. निकाल ऐकून मला रडू आलं. अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर राज्याच्या पहिल्या महिला गव्हर्नर म्हणून निवडून आल्या, याचाही आनंद आहेच. आणि त्यांना लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येणार नाही. इथला नियमच तसा आहे, आणि तो मला फार आवडतो.

दादा म्हणाला, ‘‘तुला आता तिकडचं सगळंच गोड लागतं.’’ तसं नाही रे. मतदान मंगळवारी होतं, माझं ऑफिस चालू होतं, साडेआठच्या मीटिंगसाठी धावतपळत गेले. आपल्याकडे त्या दिवशी भरपगारी सुट्टी असते, बोटाला शाई लागते. ती शाई मला आजही हवी आहे. पण पासपोर्ट बदलला आणि पुण्यातला मताचा हक्क गेला. चौदा वर्षं इथे कर भरते, मुलं इथल्या सरकारी शाळेत आहेत, त्या शाळांच्या पैशाचे निर्णय राज्याच्या राजधानीत, रिचमंडमध्ये होतात. मग मी मत द्यायचं तरी कुठे?

जानेवारी २०२६ मध्ये रिचमंडला नव्या गव्हर्नरचा शपथविधी होता. आई तेव्हा इथे असणार होती, तिला घेऊन जायचं ठरवलं होतं. जाड स्वेटर आण म्हणून आधीच सांगितलं होतं.