गांधीलमाशीचा माग : शेवटी वेळ जुळली

आमच्या मधमाश्या खाणाऱ्या गांधीलमाश्यांचं पोळं सापडलं! नाल्यापल्याडच्या पडक्या विहिरीत, बांधकामाच्या फटीत. मागच्या नोंदीत मधमाश्यांच्या ज्या तुटक्या पंखांचे फोटो टाकले होते, ते सगळं इथल्याच गांधीलमाश्यांचं काम. दिवाळीपासून सातेरीच्या (आपल्याकडच्या देशी मधमाशीच्या) पेट्या नुसत्या दबून बसल्या होत्या, पराग घेऊन येणाऱ्या माश्या निम्म्यावर आल्या होत्या.

ओळख पक्की आहे. लालसर तपकिरी अंग, पोटावर पिवळा पट्टा, म्हणजे व्हेस्पा ओरिएंटॅलिस ही गांधीलमाशीची जात. पेटीच्या दारासमोर तरंगत राहते, परतणारी माशी हवेतच धरते, तुरीच्या फांदीला पायाने लटकते आणि डोकं, पंख, पाय कातरून खाली टाकते. छातीचा तेवढा गोळा घेऊन जाते.

पोळं शोधताना अडलं होतं ते वेळेवर. पद्धत इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर गांधीलमाशीची पोळी शोधणाऱ्या स्वयंसेवकांची : आमिषावर आलेल्या गांधीलमाशीला रंगाचा ठिपका द्यायचा, उडाली की घड्याळ लावायचं, जाऊन-येऊन लागलेल्या एका मिनिटाला पोळ्याचं अंतर साधारण १०० मीटर धरायचं. पण तीच पांढऱ्या ठिपक्याची माशी एकदा सहा मिनिटांत परत, एकदा चौदा. नकाशावर वर्तुळ कुठलं काढायचं? पेटीजवळ ती शिकार करते, फांदीवर चिरफाड करते, मध्येच दुसरीकडे वळते. म्हणून आमिष पेट्यांपासून लांब, धुऱ्यावर नेलं. मोहाची फुलं भिजवून आंबवलेलं पाणी आणि पिकलं केळं. आंबट वासाला मधमाश्या फिरकत नाहीत, गांधीलमाशी मात्र पोटभर पिऊन सरळ घरी जाते. सगळ्यांत कमी वेळ तेवढीच खरी मानली. शेजारच्या गावातल्या आपल्या दादांनी त्यांच्या वावरातून दुसरी दिशा घेतली. दोन रेघा नाल्यापाशी कापल्या आणि तिथल्या गुराख्याने विहिरीचं तोंडच दाखवलं. काय आनंद झाला म्हणून सांगू!

ठिपक्यासाठी, राणीमाशीला खूण करायचा म्हणून मागवलेला पेन पहिल्याच वापरात सुकला. आठवडी बाजारातलं नेलपॉलिश त्याहून कितीतरी बरं. गांधीलमाशी अडवायच्या दाराच्या तयार जाळ्याही मेलिफेराच्या (मोठ्या विदेशी मधमाशीच्या) मापाच्या येतात. सातेरीसाठी वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याला तिच्या मापाची भोकं पाडून घ्या.

आता आपल्या मधपाळांच्या ग्रुपवर पोळं डिझेल ओतून पेटवायचा सूर आहे. माझा ठाम विरोध. एक तर विहीर आहे. दुसरं, ही माशी इथलीच. स्पेन आणि चिलीत ती बाहेरून घुसली म्हणून तिथे तिच्यामागे लागले आहेत. आपल्याकडे ती पिकावरच्या अळ्याही उचलते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २०१९ मध्ये बाहेरून आलेली राक्षसी गांधीलमाशी सापडली, २०२० मध्ये माशीला ट्रान्समीटर बांधून ब्लेन गावाजवळ पहिलं पोळं काढलं, डिसेंबर २०२४ मध्ये ती संपल्याचं जाहीर झालं. लोकांनी पाठवलेल्या खबरी तिथे फार उपयोगी पडल्या. आपण घ्यायची ती ही सवय : आधी फोटो, मग ओळख, मग निर्णय. उद्या खरंच परकी जात आली, तर पोळ्यांचा नकाशा आणि माणसांचं हे जाळं हाताशी असेल.

पुढच्या आठवड्यात दुसरी पेटी तपासणार होतो, पण लिहिता लिहिता सुचलं की बाजारातल्या मटणाच्या दुकानावर चारही दिशांनी गांधीलमाश्या येतात. तिथेच ठिपके दिले, तर एका जागेवरून अनेक पोळ्यांच्या दिशा मिळतील. दुकानदारभाऊंना विचारतो. पेटी त्यानंतर. बाजाराच्या दिवशी कोणाला दोन तास काढता येत असतील, तर घड्याळ घेऊन या.