नवा सेल घातला तरी गाडीचा रिमोट चालेना

बटण दाबलं की किल्लीवरचा लाल दिवा लुकलुकायचा, पण गाडीचे इंडिकेटर काही चमकायचे नाहीत. सेल सकाळीच घातलेला, नवाकोरा. आपल्याकडं बहुतेक जण इथंच "किल्ली गेली" म्हणतात आणि नवी करून घ्यायला बेळगावला निघतात. नवी किल्ली कोडिंगसकट काही हजारांत जाते. म्हणून मी एकेक करत काय तपासलं ते लिहितोय. गाडी साधी हॅचबॅक, किल्ली दुमडत्या पात्याची.

किल्ली उघडण्याआधी घरातली दुसरी किल्ली आणून दाबली. ती चालली, म्हणजे दोष पहिल्या किल्लीतच. दोन्ही चालल्या नसत्या, तर किल्लीला हात न लावता गाडीकडं वळलो असतो: सेंट्रल लॉकचा फ्यूज, मोठ्या बॅटरीचा जोर, नीट न लागलेलं दार. इग्निशनमध्ये किल्ली असली किंवा एखादं दार किंचित उघडं राहिलं असलं, तर बऱ्याच गाड्या रिमोट मानतच नाहीत. अनलॉक केल्यावर अर्ध्या मिनिटात दार उघडलं नाही, तर पुष्कळ गाड्या आपोआप पुन्हा लॉक होतात. हाही बिघाड नाही.

टीव्हीच्या रिमोटसारखी ही किल्ली मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बघणारे पुष्कळ आहेत. त्यातून काहीच कळत नाही. टीव्हीचा रिमोट अवरक्त प्रकाश सोडतो, तो कॅमेऱ्याला दिसतो. आपल्या गाड्यांच्या किल्ल्या रेडिओ लहरी सोडतात, बहुतेक ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या. लाल दिवाही फार भरवशाचा नाही. त्याला दोन-तीन मिलिअँपिअर पुरतात, लहर पाठवायला दहा-पंधरा लागतात. दिवा लागतो आणि लहर गाडीपर्यंत पोचत नाही, असं सर्रास होतं.

मग किल्ली उघडली. कडेला नाणं बसेल एवढी खाच असते, तिथं नाणं किंवा जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा घालून पिळायचं. बारका स्क्रूड्रायव्हर घातलात तर प्लास्टिकची कड चेपते आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी तिथूनच शिरतं. खाच दिसली नाही, तर लोगोखाली किंवा पात्याच्या बाजूला बारका स्क्रू शोधा. उघडताना खाली पांढरं फडकं अंथरलंच पाहिजे. दुमडत्या किल्लीत इमोबिलायझरची, म्हणजे ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेची चिप पुष्कळदा वेगळी बसवलेली असते: तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काचेची नळी, किंवा काळा चपटा तुकडा. ती सेलवर चालत नाही, तिला वीज इग्निशनभोवतीच्या कडीतून मिळते. म्हणून सेल संपला तरी गाडी चालू होते. पण चिप निसटून फरशीवर गेली, तर रिमोटनं दार उघडेल, स्टार्टर फिरेल आणि इंजिन धरणार नाही. नवी केसिंग, म्हणजे किल्लीचं बाहेरचं कवच, बसवताना जुनीतली चिप काढायची राहून गेली, तर तेव्हाही नेमकं असंच होतं.

आता सेल. पाठीवर नंबर कोरलेला असतो, बहुतेक सीआर २०३२. पहिले दोन आकडे म्हणजे व्यास २० मिलिमीटर, पुढचे दोन म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. २०२५ चा व्यास तेवढाच, पण जाडी २.५. दुकानात "तेच आहे ओ, चालतंय" म्हणून तो दिला जातो. खिशात किल्ली हलली की ०.७ मिलिमीटरच्या फटीमुळं संपर्क तुटतो. खाली कागदाची घडी घालून फट बुजवू नका, कागद ओल धरतो. उलट २०२५ च्या जागी २०३२ दाबून बसवला, तर सेलला टेकणारा पत्रा कायमचा वाकतो. बेळगावच्या खडेबाजारातल्या घड्याळाच्या दुकानात मराठीत बोला नाहीतर कानडीत, जुना सेल काउंटरवर ठेवलात की योग्य तोच मिळतो. एलआयआर २०३२ हा चार्जिंगचा सेल घेऊ नका. तो पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो आणि किल्ली ३ व्होल्टची असते.

मी घातलेला सेल मल्टिमीटरवर ३.१ व्होल्ट दाखवत होता. एवढ्यावर समाधान मानू नये, कारण दमलेला सेलही भार न लावता मोजला की २.९ दाखवतो. २२० ओहमचा रेझिस्टर सेलच्या दोन्ही बाजूंना टेकवून दोन सेकंद मोजा. त्यातून साधारण १३ मिलिअँपिअर जातात, म्हणजे बटण दाबल्यावर पडतो जवळपास तेवढा भार. चांगला सेल २.७ च्या वर टिकतो, दमलेला २.४ च्या खाली घसरतो. माझा २.८५ वर थांबला. सेल निर्दोष निघाला.

मग भिंग घेऊन पत्र्याकडं बघितलं, आणि दोष तिथंच होता. सेलच्या पोटाखाली दोन बारक्या जिभा असतात. त्यातली एक दाबून दाबून बसली होती आणि तिच्या टोकावर हिरवट पापुद्रा चढला होता, तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा. आपल्याकडं जूनपासून चार महिने हवेत ओल असते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात तर खिशातला रुमालही वाळत नाही. रबरी बटणाला चीर असली की ही ओल आत जाते. जुन्या टूथब्रशवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पापुद्रा घासून काढला. सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन मागं राहतं. सँडपेपरही नको, वरचा मुलामा गेला की गंज लवकर धरतो. बसलेली जीभ टाचणीनं अर्धा मिलिमीटर वर उचलली. जास्त उचलली तर मुळातून तुटते. सेल बोटांत धरताना कडेनं धरायचा, पण पत्रा आणि सेल एकाच वेळी चिमट्यात येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर शॉर्ट होतो. काही कंपन्या सेलच्या उणे बाजूवर कडू लेप देतात, लहान मुलानं तोंडात घातला तर थुंकावा म्हणून. त्या लेपामुळं कधीकधी संपर्क येत नाही. तेवढी जागा अल्कोहोलनं पुसून घ्या.

लॉक चालू झालं, अनलॉक मात्र तीनदा दाबल्यावर एकदाच. रबर बाजूला करून बोर्डावरचंच बटण काडीनं दाबलं, तरी तेच. म्हणजे आतला बारका स्विच झिजला. दिवसभरात सगळ्यात जास्त दाबलं जाणारं बटण तेच असतं. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडं गरम हवेनं डाग वितळवायचं हॉट एअर यंत्र असतं, असा स्विच बदलणं त्यांना पाच मिनिटांचं काम. जुन्याची लांबी, रुंदी आणि उंची मोजून न्या. उंची कमी पडली तर रबर पोचत नाही, जास्त झाली तर बटण कायम दाबलेलं राहतं आणि दोन दिवसांत सेल संपतो. नवा सेल आठवड्यात संपत असेल, तर आधी हेच बघा.

एवढं करूनही गाडी ओळखत नसेल, तर कोड पुढं गेलेला असू शकतो. प्रत्येक दाबाला किल्ली नवा कोड पाठवते आणि गाडी थोडे पुढचे कोडही स्वीकारते. घरात पोरानं शेकडो वेळा बटण दाबलं, तर किल्ली त्या मर्यादेपलीकडं जाते. काही गाड्यांत जवळ जाऊन लागोपाठ दोनदा दाबलं की जुळतं, काहींत इग्निशन चालू करून लॉक दाबायचं असतं. आपल्या गाडीचं मॅन्युअल बघून तसंच करा, दुसऱ्याच्या गाडीची रीत लागू पडत नाही. सेल काढल्यानं कोड पुसला जातो ही भीती मात्र काढून टाका. कोड सहसा अशा मेमरीत असतो, जी विजेविना टिकते.

बटणानं सुरू होणाऱ्या गाडीची किल्ली दिवसरात्र गाडीची हाक ऐकत असते, म्हणून तिचा सेल साध्या किल्लीपेक्षा लवकर संपतो. गाडीजवळच्या भिंतीवर किल्ली टांगत असाल, तर आणखी लवकर. वाटेत संपलाच, तर किल्लीतलं लपवलेलं पातं ओढून दार उघडा. भोंगा वाजला तर घाबरू नका. ब्रेक दाबा आणि किल्ली स्टार्टच्या बटणालाच टेकवून बटण दाबा. बऱ्याच गाड्या अशा चालू होतात, काहींत किल्ली ठेवायची जागा वेगळी असते. ती एकदा घरीच शोधून ठेवा, चोर्ल्याच्या घाटात पावसात शोधायला लागू नये. आणि किल्ली मोबाइलला चिकटून एकाच खिशात नको.

बेस मॉडेलवर बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकचा रिमोट पुष्कळदा १२ व्होल्टच्या २३ए किंवा २७ए सेलवर चालतो. लांबी जवळपास सारखीच, पण २७ए ची जाडी ८ मिलिमीटर आणि २३ए ची १०. त्यामुळं एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

जादा सेल गाडीच्या डॅशबोर्डात ठेवू नका. मे महिन्यात बंद गाडीत ६० अंशांच्या वर तापमान जातं आणि या सेलची मर्यादा सहसा तेवढीच असते. पाकिटात, मूळ पुठ्ठ्यातच ठेवा. काढलेल्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि लहान मुलाच्या हाताला लागेल असं काही ठेवू नका. गिळला तर दोन तासांतच अन्ननलिका जाळायला लागतो. उलटी करवू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या.