‘सेड’चं काय करायचं?

शाळा सुटली की गेटपाशी कुणीतरी आई अडवतेच. “टीचर, साइट वर्ड्स रोज किती पाठ करून घेऊ?” हातात कार्डांचा जाडजूड गठ्ठा. मी गोव्यात डिचोलीला मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, त्यामुळे हा प्रश्न वर्षभर पुरतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

साइट वर्ड्स म्हणजे द, वॉज, सेड, दे असे इंग्रजी वाचताना पावलोपावली भेटणारे, बघताक्षणी ओळखायचे शब्द. अमेरिकेतल्या एडवर्ड डॉल्च यांनी 1936 साली अशा 220 शब्दांची यादी केली. नामं त्यात धरली नाहीत. यादीशी माझं भांडण नाही. ते शब्द चित्रासारखे घोकून घेण्याशी आहे.

वर्गातला एक मुलगा कदंबाची, म्हणजे गोव्याची सरकारी बस लांबून दिसली की ‘कदंबा’ म्हणून ओरडायचा. तोच शब्द मी फळ्यावर लिहिला, तर गप्प. त्याने वाचली होती ती बस! आणि ‘आहे’ दाखवलं की अर्धा वर्ग हमखास ‘आसा’ म्हणतो. घरी कोंकणी, त्यामुळे अर्थ अगदी बरोबर. पण नजर ‘आ’वर पडते न पडते तोच पुढचं तोंडातून निघून गेलेलं असतं. हसू आवरून मी ‘हे’वर बोट ठेवते.

‘सेड’चंही तसंच. आधी नुसतं कानांनी ऐकायचं: स, ए, ड. तीन आवाज, तीन बोटं. मग फळ्यावर तीन चौकटी. पहिलीत एस, शेवटी डी, दोन्ही गुणी. नाठाळ ते मधलं ए-आय. त्याखाली लाल खडूची रेघ. पाठ करायचं ते तेवढंच. ‘इट’, ‘कॅन’, ‘बिग’ यादीत असले तरी अक्षरं जोडून सरळ वाचता येतात, ते कशाला घोकायचे?

आठवड्याला तीन-चार शब्द पुरे, आणि लगेच वाक्यात वाचायला द्यायचे. एकसारखे दिसणारे एकाच दिवशी नकोत.

कालच्या आईच्या गठ्ठ्यातून मी ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ काढून घेतले. दिवाळीनंतर एकेक देईन म्हटलं.

“आनी ‘सेड’?”

“तो ठेवा. लाल पेन आहे ना घरी?”