उत्पादनाची प्रक्रिया थोडक्यात लिहा

न्हावा शेवा बंदरातून येणाऱ्या मालाची बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमला द्यायचा आयातीचा कागद, भरणं हे माझं काम. एका कस्टम ब्रोकरच्या ऑफिसात बसते. रोज पंधरा-वीस फायली हाताखालून जातात आणि संध्याकाळपर्यंत विसरल्याही जातात. २०२१ च्या पावसाळ्यातली एक मात्र अजून विसरले नाही.

माल व्हिएतनामच्या तांब्याच्या नळ्यांचा, एसीत लागतात तशा. आयातदार म्हणजे तारापूर एमआयडीसीतले साठीचे एक काका. पहिलीच आयात, म्हणून मी त्यांना समोर बसवून कागद समजावत होते.

आसियान म्हणजे व्हिएतनाम, इंडोनेशियासारख्या आग्नेय आशियातल्या देशांचा गट. त्यांच्याशी भारताचा व्यापार करार २०१० साली लागू झाला. त्यात ओरिजिन सर्टिफिकेट, म्हणजे माल त्या देशात बनल्याचा दाखला, असलं की तेव्हा या नळ्यांवर ड्युटी शून्य. एरवी बाहेरून तांब्याचं कॅथोड, म्हणजे नळ्यांसाठी लागणारं शुद्ध तांबं, आणलं तर ५ टक्के. म्हणजे कच्च्या मालाला ड्युटी आणि तयार मालाला दार उघडं. हे मी शेकडो वेळा टाइप केलंय, पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

सप्टेंबर २०२० पासून नुसत्या सर्टिफिकेटवर भागत नाही. माल खरंच तिकडे बनला का, हे आयातदाराला माहीत असायला हवं. त्यासाठी फॉर्म १ भरून ठेवायचा. मी वाचलं, ‘‘काका, उत्पादनाची प्रक्रिया थोडक्यात सांगा. सप्लायरने एकच ओळ पाठवलीये.’’

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग सांगू लागले. कॅथोड वितळवायचं, त्याचे जाड दांडे म्हणजे बिलेट ओतायची, तापवून प्रेसमधून जाड नळी काढायची, मग ड्रॉ बेंचवर ओढत ओढत बारीक करायची. ‘‘बेंचवर डहाणूचा पोरगा होता, आवाजावरून सांगायचा डाय झिजली म्हणून. मग ॲनिलिंगची भट्टी. भट्टीवाला नळी हाताने वाकवून बघायचा, मऊ झाली की नाही.’’

‘‘हे सगळं तुम्हाला कसं माहीत?’’ मी विचारलं.

‘‘बावीस वर्षं हेच केलं, ताई. दिवाळीनंतर बंद केलं. छत्तीस माणसं होती. कायद्याप्रमाणे वर्षाला १५ दिवसांचा पगार दिला, ग्रॅच्युइटी दिली. गिऱ्हाईक म्हणालं, तिकडची नळी तुमच्या तांब्याच्या भावात पडते. मग आता तीच आणून विकतो.’’

मी त्यांच्या तोंडून ऐकलेली त्यांच्याच बंद पडलेल्या कारखान्याची प्रक्रिया व्हिएतनामच्या कारखान्याच्या नावापुढे लिहीत होते. बोटं चालेनात.

फॉर्ममध्ये पुढे ३५ टक्क्यांची अट आली. मालाच्या किमतीत निदान एवढा वाटा आसियान देशांमधला किंवा भारतातला असावा लागतो. काका लगेच म्हणाले, ‘‘नळीच्या किमतीत तांबंच बहुतेक सगळं. नुसत्या ओढण्यात एवढी भर पडत नाही.’’ अगदी बरोबर होतं ते. कॅथोडही आसियानमधलं किंवा भारतातलंच असेल तर त्याची किंमत धरता येते, नाहीतर नाही. मी सप्लायरला हिशोब मागितला. इंडोनेशियाच्या कॅथोडचे कागद दोन दिवसांनी आले, तेवढ्यात कंटेनरचं भाडं चढलं. अधिकाऱ्याने प्रश्न विचारले, कागद जुळले, माल सुटला. कोणी काही खोटं केलं नव्हतं.

हे बंदर आमच्या उरणच्या गावांच्या जमिनीवर उभं आहे आणि माझं घर याच आयातीवर चालतं. त्यामुळे करार वाईट, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण नळीतलं तांबं कुठल्या देशाचं, याची एवढी चौकशी करणारे आपण, ती नळी येऊ लागल्यावर इथल्या कोणाचं काम गेलं, हे एका ओळीतही विचारत नाही. करार करताना त्या माणसांच्या पुढच्या कामाची तरतूद त्यातच व्हायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

निघताना काकांनी हळूच विचारलं, ‘‘तुमच्या इकडच्या सीएफएसमध्ये, कंटेनर उतरवतात त्या यार्डांत, माणसं लागतात का? माझी दोघं-तिघं अजून घरी बसलीत.’’

त्या आठवड्यात मी ओळखीच्या चार ठिकाणी फोन केले. डहाणूच्या पोराला फोर्कलिफ्ट शिकायची तयारी होती, तो द्रोणागिरीतल्या एका गोदामात लागला. भट्टीवाल्यासाठी विचारलं की सगळीकडे आधी वय विचारायचे. त्यांना ५२ वं लागलं होतं. शेवटी एका यार्डाच्या गेटवर रात्रपाळीचा वॉचमन हवा होता. मी काकांना कळवलं. ते म्हणाले, सांगून बघतो.