वाचकाची वर्गणी लेखकापर्यंत कशी पोचावी : आमची वाटचाल

मी आणि माझ्या पार्टनरने लेख, कविता, मालिका वाचायची साइट काढली तेव्हा लेखकाला पैसे द्यायचेच हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. किती द्यायचे आणि कशाच्या हिशेबाने द्यायचे हे ठरायला मात्र काही वर्षं गेली, आणि आमची वाटचाल म्हणजे खरं तर ह्या एकाच प्रश्नाची वाटचाल आहे. सर्व्हर, अ‍ॅप, डिझाइन हे सगळं पार्टनरने सांभाळलं, ते इथे सांगत बसत नाही.

तेव्हा बरेच जण म्हणायचे की सुरवातीला फुकट लिहून घ्या, नाव होतंय म्हटलं की लोक लिहितात. लिहितातही. हफिंग्टन पोस्ट ह्या अमेरिकन बातम्यांच्या साइटवर कितीतरी जणांनी असंच विनामोबदला लिहिलं, 2011 मधे ती साइट एओएल ह्या इंटरनेट कंपनीने 31 कोटी 50 लाख डॉलरला घेतली, त्या लिहिणाऱ्यांना त्यातलं काही मिळालं नाही म्हणून काहीजण कोर्टात गेले आणि 2012 मधे केस फेटाळली गेली, कारण पैसे मिळणार नाहीत हे त्यांना आधीपासून माहीत होतं. कायद्याने बरोबर असेल, मला ते कधीच पटलं नाही. ज्यांच्या लिखाणावर साइट उभी राहते त्यांचा वाटा "नंतर बघू" म्हणून ठेवायचा नाही, एवढं आम्ही दोघांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

पहिली सोय जाहिरातींची होती, उत्पन्नातला ठरावीक टक्का व्ह्यूजच्या प्रमाणात वाटायचा. ती फार दिवस ठेवली नाही. लेख उघडून लगेच मागे फिरलेला माणूसही व्ह्यू म्हणून मोजला जातो, त्यामुळे भडक हेडिंगचा लेख आणि महिनाभर कागदपत्रं चाळून लिहिलेला लेख एकाच भावात जातात.

मग वर्गणी आली. सगळ्या वाचकांची वर्गणी एकत्र, त्यातून आमचा वाटा बाजूला आणि उरलेली रक्कम वाचनाच्या मिनिटांप्रमाणे लेखकांना. बहुतेक मोठे प्लॅटफॉर्म असंच काहीतरी करतात आणि काय मोजायचं ते बदलत राहतात. मीडियम ह्या लेखांच्या साइटने 2017 मधे टाळ्यांवर, म्हणजे वाचकाने बटण दाबून दिलेल्या दादेवर, पैसे द्यायला सुरवात केली आणि 2019 मधे वाचनाच्या वेळेवर आले. किंडल अनलिमिटेड, म्हणजे अ‍ॅमेझॉनची वर्गणी भरून ई-पुस्तकं वाचायची सोय, 2014 मधे सुरू झालं तेव्हा वाचकाने पुस्तक 10 टक्के वाचलं की लेखकाला पैसे मिळायचे, साहजिकच छोट्या छोट्या पुस्तिकांचा पूर आला, म्हणून जुलै 2015 पासून पानांवर पैसे सुरू झाले, तर काही लोकांनी पुस्तकं फुगवली आणि पहिल्याच पानावर थेट शेवटी नेणारी लिंक टाकली, म्हणजे मधली सगळी पानं वाचली म्हणून मोजली जायची. जे मोजाल त्या बाजूला लिखाण झुकतं. आमच्याकडेही मिनिटं मोजायला लागल्यावर गोष्टी लांबायला लागल्या, आणि लेखकांना मी दोष देणार नाही, नियमच तसा होता.

पण मला जास्त खटकलं ते वेगळंच. समजा दोनच वाचक आहेत, दोघांची वर्गणी 100. एकजण महिन्यात एक तास वाचतो, फक्त एका कवीच्या कविता. दुसरा नऊ तास एकच मालिका वाचतो. आमचा वाटा सोडून द्या, एकत्र 200 झाले, मिनिटांप्रमाणे कवीला 20 आणि मालिकावाल्याला 180. म्हणजे पहिल्या वाचकाच्या शंभरातले 80 अशा माणसाकडे गेले ज्याची एक ओळही त्याने वाचलेली नाही! त्याला विचारलं तर तो म्हणेल मी कवितांसाठी पैसे भरतो.

म्हणून आम्ही वर्गणी एकत्र करणं बंद केलं. ज्या वाचकाचे पैसे, त्यानेच वाचलेल्या लेखकांमधे वाटायचे. वरच्या उदाहरणात दोघांनाही 100. संगीतात साउंडक्लाउड ह्या गाणी ऐकायच्या साइटने 2021 मधे असाच प्रकार आणला, त्यामुळे हे चालू शकतं हा धीर होता. ह्यात आणखी एक फायदा आहे जो लोकांच्या लगेच लक्षात येत नाही, खोटी खाती काढून स्वतःचंच लिखाण रात्रंदिवस उघडं ठेवलं तरी त्या खात्याच्या वर्गणीपेक्षा जास्त काही हाती लागत नाही, उलट आमचा वाटा कापून कमीच येतं.

सगळे खूष झाले असं नाही. मालिका लिहिणाऱ्यांचं उत्पन्न उतरलं, एका ताईंनी फोनवर विचारलं की माझे वाचक जास्त वाचतात हा माझा गुन्हा आहे का. प्रश्न रास्त आहे. मी एवढंच सांगू शकलो की फक्त तुम्हालाच वाचणाऱ्यांची वर्गणी, आमचा वाटा सोडून, पूर्ण तुमचीच आहे, दुसऱ्याच्या वाचकाची तेवढी येणार नाही. त्या राहिल्या, काहीजण गेले. शिवाय ह्या पद्धतीने एकूण रक्कम वाढत नाही, फक्त वाटणी बदलते, हे नवीन लेखकाला आम्ही आधीच सांगतो.

वर्गणी भरून महिनाभर काहीच न वाचणाऱ्यांचं काय करायचं ह्यावर आमच्यात बराच वाद झाला. आता ते पैसे मानधन निधीत जातात आणि त्यातून मेहनतीच्या, माहिती गोळा करून लिहायच्या लेखांना लिहायच्या आधीच अर्धं मानधन मिळतं. कारण असा लेख किती वाचला जाईल ह्याची जोखीम एकट्या लेखकाने का घ्यावी?

बाकीच्या अटी पटकन सांगतो. कॉपीराइट लेखकाचा. हिशेब दर महिन्याला, त्यात किती वाचकांकडून किती आले, पेमेंट गेटवेने किती कापले, आमचे किती, सगळं वेगवेगळं दिसतं. किमान रक्कम जमेपर्यंत पैसे अडकवून ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते, त्यात सगळ्यात छोट्या लेखकाचेच पैसे पडून राहतात, आमच्याकडे वर्षअखेरीला असेल ती रक्कम खात्यात जाते. दर बदलायचा असेल तर तीन महिने आधी कळवतो आणि तोपर्यंतचं लिखाण काढून न्यायची मुभा असते.

सध्या अनुवादाचा प्रश्न समोर आहे. मूळ लेखक आणि अनुवादक दोघांचं नाव लेखावर बरोबरीने येतं, पण वाटा निम्मा-निम्मा की अनुवादकाला आधी ठरावीक मानधन आणि नंतर छोटा टक्का, ह्यावर दोन्ही बाजूंच्या लेखकांशी बोलणं चालू आहे. अनुवादकांचा कल आधी मानधन मिळण्याकडे आहे आणि मलाही तेच योग्य वाटतंय, निधीत तेवढे पैसे कसे उभे करायचे ते बघतोय.